हरवलेल्या बंदुकीची खबर



खंडेनवमीच्या दिवशी शस्त्रे व अवजारे पूजेला काढण्याची प्रथा मराठवाड्यात अद्याप टिकून आहे. नांगराचा फाळ, विळा-कोयता, सुताराची करवत, शिलाईचे यंत्र यांच्या शेजारी एखाद्या जुन्या वाड्यात आजोबांच्या वेळची दुनळी बंदूकही पाटावर येते. तिला हळदकुंकू वाहिले जाते आणि दसऱ्याचे सोने वाटून झाले की ती पुन्हा कपाटात जाते. पुढले अकरा महिने तिच्याकडे कोणी पाहत नाही. अशा एखाद्या घरी नवमीच्या सकाळी कपाट उघडावे आणि बंदूक जागेवर नसावी, तर ती केव्हा गेली हे घरातील कोणासही सांगता येणार नाही. दिवाळीत रंगकामाला माणसे आली होती तेव्हा, उन्हाळ्यात सारे कुटुंब पुण्यास मुलाकडे गेले होते तेव्हा, की पावसाळ्यात मागील भिंत खचली तेव्हा?

त्यानंतर घरात जे बोलणे होते ते बहुधा एकाच वळणाने जाते. प्रथम कोणी म्हणते, ‘सणाचा दिवस आहे, आज नको.’ मग, ‘आधी घरात नीट शोधू.’ मग, ‘परवाना रद्द होईल.’ आणि अखेरीस, ‘गावात कळले तर काय अब्रू राहील?’ या चार वाक्यांत कधी चार दिवस जातात, कधी चार महिने. शस्त्र नाहीसे झाल्याचे ध्यानात येणे आणि त्याची खबर पोलीस ठाण्यात पोहोचणे यांमधील हा जो काळ, त्याचाच विचार येथे करावयाचा आहे. या काळात बंदूक धन्याच्या ताब्यात नसते आणि शासनाच्या दफ्तरी मात्र ती त्याच्याच घरी असते. कोणी तिचा शोध घेत नाही, कारण ती हरवली आहे हे कोणासच ठाऊक नसते.

शस्त्र हरवल्याची खबर देणे कायद्याने बंधनकारक आहे काय, असे परवानाधारक पुष्कळदा विचारतात. बंधनकारक आहे, परंतु ते बंधन जेथे लिहिलेले आहे तेथे सहसा कोणी पाहत नाही. १९५९ चा शस्त्र अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून देशभर अमलात आला. त्याखालील १९६२ च्या नियमांची जागा पुढे २०१६ च्या नियमांनी घेतली. बंदूक बाळगण्यास परवाना हवा, हे अधिनियमाच्या कलम ३ मध्ये आहे आणि तेवढे सर्वांस माहीत असते. खबर देण्याचे कर्तव्य मात्र परवान्याला जोडलेल्या शर्तींत आहे. परवान्याखालील शस्त्र अथवा काडतुसे गहाळ झाली वा चोरीस गेली, तर जवळच्या पोलीस ठाण्यास विनाविलंब कळवावे, ही त्यांपैकी एक शर्त होय. परवान्याच्या पुस्तिकेतील छायाचित्र, शिक्के आणि मुदतीची तारीख लोक निरखून पाहतात; बारीक अक्षरांतील शर्तींचे पान कोरे असल्यासारखे उलटले जाते.

शर्तीचा भंग झाल्यास अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कारावास, दोन हजार रुपयांपर्यंत दंड अथवा दोन्ही होऊ शकतात. कलम १७ खाली परवाना निलंबित अथवा रद्द करण्याचा अधिकार परवाना प्राधिकाऱ्याला, म्हणजे या जिल्ह्यापुरते जिल्हादंडाधिकाऱ्यांना, आहे. कलम ३६ तर परवानाधारकापुरतेही मर्यादित नाही. या अधिनियमाखालील अपराध घडल्याचे ज्याला ज्याला समजेल, त्याने सबळ कारण नसल्यास जवळच्या ठाण्यास अथवा दंडाधिकाऱ्यास कळवावे, असे ते सांगते. शेजाऱ्याच्या शेतघरात विनापरवाना बंदूक पाहिली आणि ‘आपल्याला काय करायचे’ म्हणून मान फिरवली, तर तेही या कलमाला धरून नाही.

काही देशांत शहरांनी व प्रांतांनी यासाठी स्वतंत्र स्थानिक कायदे केले आहेत. तसा ठराव येथे नगरपालिकेला वा जिल्हा परिषदेला करता येत नाही. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय संघसूचीत, पाचव्या क्रमांकावर आहे. त्यावर कायदा करण्याचा अधिकार संसदेचा. परंतु कायदा दिल्लीत झाला तरी त्याची अंमलबजावणी येरमाळा, मुरूम, बेंबळी अथवा आंबी येथील ठाण्यातच होते आणि तेथे खबर घेऊन कोणी आलेच नाही, तर तो कागदावर राहतो.

धाराशिव जिल्ह्याला, म्हणजे २०२३ पर्यंतच्या उस्मानाबाद जिल्ह्याला, हिशेबाबाहेरची बंदूक म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागू नये. १३ सप्टेंबर १९४८ रोजी सोलापूरकडून निघालेल्या भारतीय सैन्याने पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला आणि बोरी नदीवरील पूल शाबूत हाती केला. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यापूर्वी रझाकारांच्या हातांतील शस्त्रांनी या भागातील खेड्यांचे जे हाल केले आणि त्यानंतरच्या आठवड्यांतही सूड व लुटालूट यांपायी निरपराध माणसांना जे सोसावे लागले, त्याच्या आठवणी कित्येक घरांत अजून सांगितल्या जातात. बंदूक कोणाची, तिला परवाना कोणाचा आणि झाडलेल्या गोळीचा जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न विचारण्याची सोयच त्या दिवसांत उरली नव्हती. परवान्याची पुस्तिका ही क्षुल्लक वाटणारी वस्तू या प्रश्नांचे उत्तर म्हणून अस्तित्वात असते. बंदूक नाहीशी होऊनही पुस्तिका गप्प राहिली, तर ते उत्तर खोटे ठरते.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. महाराष्ट्रात गुन्हेगारांकडून पकडली जाणारी अग्निशस्त्रे बहुधा गावठी कट्टे असतात. त्यांतील पुष्कळ मध्य प्रदेशच्या सीमाभागात बनतात आणि चोरवाटांनी इकडे येतात. परवान्याची चोरीस गेलेली बंदूक हा त्या मानाने लहान ओघ आहे. मग त्याचा एवढा बाऊ का? एक कारण असे की, कट्टा बनवणाऱ्याचा पत्ता पोलिसांना शोधून काढावा लागतो. परवान्याच्या बंदुकीचा पत्ता मात्र दफ्तरी तयार असतो. कारखान्यात बनलेल्या बंदुकीवर क्रमांक असतो आणि तो खोडणे वा बदलणे हा कलम ८ प्रमाणे वेगळा अपराध आहे. क्रमांक वेळेवर कळला, तर शोधाला आरंभबिंदू मिळतो. दुसरे कारण काडतुसांचे. कट्टा लोहाराच्या भट्टीवर बनू शकतो, काडतूस तसे बनत नाही. ते कोठून तरी परवान्याच्या साठ्यातून गळावे लागते. म्हणून बंदूक जागेवर असून काडतुसांचा डबा हलका झाला असेल, तर तीही खबर देण्याचीच बाब आहे. घरोघरी याच गोष्टीकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते.

बंदूक बदलत्या हातांबरोबर किती लवकर दूर जाते, हे या जिल्ह्याच्या नकाशावरून कळते. पुण्याहून सोलापूरमार्गे हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग नळदुर्ग व उमरगा येथून जातो. सोलापूर-धुळे महामार्ग तुळजापूर, धाराशिव व येरमाळा येथून. उमरग्याहून कर्नाटकची हद्द हाकेच्या अंतरावर आहे. रात्री दहा वाजता चोरलेली वस्तू पहाटेपूर्वी दुसऱ्या राज्यात पोहोचू शकते. अशा वेळी खबर आज दिली की सोमवारी, हा फरक केवळ औपचारिक राहत नाही.

लोक खबर देत नाहीत याचे मुख्य कारण भीती होय. आणि ही भीती अगदीच निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०२४ च्या डिसेंबरमध्ये एका सरपंचाची हत्या झाल्यानंतर शस्त्रपरवान्यांची मोठी फेरतपासणी झाली आणि पुष्कळ परवाने रद्द करण्यात आले. त्याची चर्चा या जिल्ह्यातील परवानाधारकांतही झालीच. अशा वातावरणात ‘बंदूक हरवली’ असे स्वतः होऊन सांगावयास जाणे म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे, असे एखाद्याला वाटले तर नवल नाही. तथापि कायद्याचे शब्द नीट पाहिले, तर ही भीती उलट्या दिशेने धावते. परवाना रद्द करण्याच्या कारणांत शर्तीचा भंग हे एक कारण आहे. तत्काळ खबर देणारा शर्त पाळतो. न देणारा ती मोडतो. शिवाय परवाना रद्द करताना जिल्हादंडाधिकाऱ्यांना कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्या आदेशाविरुद्ध कलम १८ खाली अपील करता येते. त्या अपिलात परवानाधारकाच्या हाती सर्वांत मोलाचा कागद कोणता असेल, तर खबर दिल्याची तारीख व वेळ दाखवणारी प्रत.

मात्र यात शासनाचीही एक बाजू आहे. जो माणूस बंदूक हरवल्याच्या दुसऱ्या तासाला ठाण्यात येतो आणि जो ती कोणाच्या तरी हाती पकडली गेल्यावर ‘मागेच हरवली होती’ म्हणतो, त्या दोघांना एकाच मापाने मोजले गेले, तर पहिला माणूस पुढच्या वेळी येणार नाही. ठाणे अंमलदाराने खबर देणाऱ्याला आरोपीसारखे बसवून ठेवले, तर ती गोष्ट चार गावांत पोहोचते आणि तेथील कपाटे बंदच राहतात. कपाटाला कुलूप का नव्हते, हे अवश्य विचारावे. परंतु तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न बंदुकीच्या क्रमांकाचा.

हाच विषय अमेरिकेतील काही शहरांनी वेगळ्या वाटेने हाताळला आहे आणि त्यातून शिकण्यासारखे काही आहे. तेथे पुष्कळ राज्यांत बंदूक बाळगण्यासाठी परवाना लागतच नाही, त्यामुळे शर्त घालावयाची ती कशाला, असा प्रश्न येतो. परवानाधारक दुकानदाराने बंदूक हरवल्याचे अठ्ठेचाळीस तासांत कळवावे, असा तेथील केंद्रीय कायदा आहे. सामान्य मालकावर मात्र केंद्रीय कायद्याचे तसे बंधन नाही. ही उणीव काही राज्यांनी भरून काढली. न्यूयॉर्क राज्याने चोवीस तासांची मुदत घातली; कॅलिफोर्नियात जुलै २०१७ पासून पाच दिवसांची मुदत आहे. पेनसिल्व्हेनिया राज्यातील फिलाडेल्फिया व पिट्सबर्ग या शहरांनी २००८ च्या सुमारास असे स्थानिक कायदे केले. परंतु शस्त्रांचे नियमन शहरांनी करू नये, असा त्या राज्याचाच कायदा असल्याने त्यांची अंमलबजावणी न्यायालयीन वादांत अडकून राहिली.

या शहरांपुढे जो प्रश्न होता तो चोराचा कमी आणि मालकाचा अधिक होता. गुन्ह्यात सापडलेल्या बंदुकीचा माग काढत पोलीस तिच्या पहिल्या ग्राहकापर्यंत जात, तेव्हा ‘ती तर केव्हाच चोरीस गेली’ हे एकच उत्तर मिळे. खरोखर चोरी झालेला आणि दुसऱ्यासाठी बंदूक विकत घेऊन गुपचूप त्याच्या हवाली करणारा, हे दोघेही तेच उत्तर देत आणि त्यांतला खरा कोण हे ठरवता येत नसे. खबर देणे सक्तीचे झाल्यावर प्रामाणिक मालकाकडे नोंद असते, दुसऱ्याकडे नसते. ही गोष्ट येथेही तितकीच लागू आहे. निवडणुकीच्या वेळी जिल्ह्याची छाननी समिती काही परवानाधारकांना शस्त्रे ठाण्यात जमा करण्यास सांगते, आणि त्या वेळी ‘बंदूक सापडत नाही’ असे उत्तर आले, तर ते ऐकणाऱ्याच्या मनात शंका येणारच. जुन्या तारखेची नोंद हीच त्या शंकेवर उत्तर होऊ शकते.

बंदूक दुसऱ्याच्या हाती देण्याविषयी येथेच सांगणे इष्ट. रानडुकरांनी मका वा भुईमूग उकरला की मालक रात्री सालगड्याच्या हाती ठासणीची बंदूक देऊन त्याला शेतावर पाठवतो. पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे, हे खरे. परंतु तो परवाना मालकाचा असतो, सालगड्याचा नव्हे. परवाना नसलेल्या माणसाला बंदूक नेता येते ती परवानाधारकाच्या समक्ष. अथवा दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा खुद्द परवानाधारकाचा वापर यांसाठी त्याच्या लेखी अधिकारपत्राने. अन्यथा ते विनापरवाना बाळगणेच ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान दोन वर्षे व कमाल पाच वर्षे कारावास आहे. अशा रात्री बांधावर ठेवलेली बंदूक नाहीशी झाली, तर मालक खबर देण्यास कचरतो, कारण खबरेबरोबर ही दुसरी गोष्टही उघड होणार असते. एक चूक झाकण्यासाठी दुसरी होते ती अशी. येडशी येथील रामलिंग घाट अभयारण्याच्या परिसरातील परवानाधारकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. अभयारण्यात अथवा त्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या शस्त्रधारकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ३४ खाली वेगळी नोंदणी आवश्यक आहे.

आता खबर कशी द्यावी, हे पाहू. ज्या ठिकाणी शस्त्र नाही असे ध्यानात आले, त्याच्या जवळचे ठाणे गाठावे. पुण्यामुंबईत स्वतःच्या बंदुकीसह सुरक्षारक्षकाची नोकरी करणारे कित्येक माजी सैनिक या जिल्ह्यातील आहेत. गावाकडे येताना एसटीच्या प्रवासात बंदूक गेली, तर ती मोहोळला गेली की तुळजापूरला, हे त्यांनी कसे सांगावे? ते त्यांनी ठरवण्याची गरज नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्याने, हद्दीचा प्रश्न न काढता, लिहून घेतली पाहिजे आणि तिची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य दिली पाहिजे. इलेक्ट्रॉनिक साधनाने पाठवलेली खबरही चालते. मात्र तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. ठाण्याने नकार दिल्यास तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते.

एका शब्दाविषयी विशेष सावधगिरी हवी. कडी तुटलेली आहे, कपाट फोडलेले आहे आणि तरीही अब्रूच्या भयाने मालक ‘गहाळ झाली’ असे लिहून देतो. ठाण्यालाही ते सोयीचे वाटते. परंतु गहाळ झालेल्या वस्तूची केवळ ठाणे दैनंदिनीत नोंद होते. चोरीचा गुन्हा दाखल झाला तरच पंचनामा, ठशांची तपासणी आणि शोध सुरू होतो. जे घडले तेच लिहावे. उलट, खरोखरच चोरी नसेल तर तिचा बनावही करू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने उमरगा-लोहारा भागात, सास्तूर व आसपासच्या गावांत, दगडमातीची घरे काही क्षणांत जमीनदोस्त झाली. अशा ढिगाऱ्यात वा पुराच्या पाण्यात शस्त्र गेले, तर ते गहाळच. तेथे चोर नसतो, पण खबर द्यावीच लागते. ढिगारा उपसणाऱ्याच्या हाती पुढे काय लागेल ते कोणी सांगावे?

खबरेत बंदुकीचा प्रकार, बनावट, नळीचा व्यास, क्रमांक, सोबत गेलेल्या काडतुसांची संख्या, ती अखेरची केव्हा पाहिली ती तारीख आणि परवान्याचा क्रमांक असावा. हे सारे पुस्तिकेत असते. पण पुस्तिका बहुधा बंदुकीच्या कपाटातच असते व दोन्ही एकदमच जातात. म्हणून पुस्तिकेची छायाप्रत निराळ्या जागी ठेवावी. आता परवानाधारकाला राष्ट्रीय माहितीसंचातील विशिष्ट ओळख क्रमांक असतो. तो पाठ नसला तरी घरातील दुसऱ्या जाणत्या माणसाच्या वहीत असावा. पोलीस पाटलांस कळवणे योग्यच, कारण गावातील हालचाल त्यांना आधी कळते. मात्र त्यांना तोंडी सांगितले म्हणजे खबर दिली असे होत नाही. ठाण्यातील प्रत घेऊन दुसरे पत्र जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या शस्त्रपरवाना शाखेकडे द्यावे आणि त्याची पोच घ्यावी.

आणखी एक प्रसंग असा असतो की, बंदूक हरवलेली नसते, तिचा धनीच गेलेला असतो. वडिलांच्या निधनानंतर बंदूक वर्षानुवर्षे भिंतीवर राहते. कायद्याच्या दृष्टीने परवाना त्यांच्याबरोबरच संपला. कलम २१ प्रमाणे ती विनाविलंब ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते, आणि वारसास हवी असल्यास त्याने स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. अशा घरातून बंदूक चोरीस गेली, तर खबर देणे सर्वांत अवघड होते. कारण ती बाळगण्याचाच अधिकार घरात कोणाला उरलेला नसतो. अशा किती बंदुका जुन्या वाड्यांच्या माळ्यावर असतील याचा अंदाज पोलीस पाटलांना इतर कोणाहूनही अधिक असतो. गावातील कोणता परवानाधारक हयात नाही, हे त्यांनी वर्षातून एकदा ठाण्यातील यादीशी ताडून पाहिले, तरी पुष्कळ काम होईल.

बंदूक सापडली तर काय? ती मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या ताब्यात राहते आणि न्यायालयाच्या आदेशानेच परत मिळते. ती नेण्यासाठी येणाऱ्या मालकाने खबरेची प्रत, परवान्याची पुस्तिका आणि ओळखपत्र सोबत आणावे; आणि परवान्याची मुदत, जी आता पाच वर्षांची असते, त्या दिवशी शिल्लक असली पाहिजे.